कालवफोड्यांच्या चोची

३ मार्च
प्रकाशकाचा फोन. पक्ष्यांच्या पुस्तकातलं शेवटचं पान महिनाअखेर हवं — कालवफोडे, किनाऱ्यावर शिंपले फोडून खाणारे! जगभरातल्या सगळ्या जाती एकाच चित्रात. म्हणाला, “काळं-पांढरं काम, तुमच्या डाव्या हातचा मळ.”

त्याला काय ठाऊक! अंग काळं-पांढरं खरं, पण लालभडक चोच, डोळे, पाय? तिथेच माझं घोडं पेंड खातं. मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. बत्तीस वर्षं पक्षी मी काढले, रंग बायकोने कालवले. हे आम्हा दोघांखेरीज कुणालाच माहीत नाही. लेकीलाही नाही.

आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून बायको बोलत नाही.

९ मार्च
रेखाटन झालं. काही जाती नखशिखांत काळ्या, काही पोटाकडे पांढऱ्या. एका जातीत तर दोन्ही तऱ्हा — काळा नवरा, कबरी बायको, आणि सुखाचा संसार! तिला सांगितलं. ओठांचा एक कोपरा हलला. हसली? हसलीच.

१४ मार्च
तिने आधी कालवून ठेवलेल्या रंगांच्या वाट्या सापडल्या. वाळल्यात, पण पाणी घातलं की जाग्या होतात. नावं नाहीत — बिंग फुटायला नको म्हणून कधी लिहिलीच नाहीत.

खाटेजवळ बसलो. तिचा हलणारा डावा हात हातात घेतला. “चोचीला कुठला गं? हा? की हा?”

तिसऱ्या वाटीला बोटं आवळली. घट्ट!

१५ मार्च
चार चोची झाल्या.

२० मार्च
सगळ्या चोची पूर्ण. मग पाय, मग डोळे — कुणाचे लाल, कुणाचे पिवळे. दर वेळी तिने हात दाबला. नर्सबाई कुरकुरल्या, “आजोबा, झोपू द्या की त्यांना.” झोपते कसली! कामावर आहे ती.

२२ मार्च
गेली. सकाळी सव्वासातला. मी चहा ठेवायला उठलो होतो.

२९ मार्च
लेक चित्र पाकिटात घालायला बसली. बराच वेळ बघत राहिली.

“बाबा, ह्यांच्या चोची हिरव्या असतात?”

“कुठल्या?”

“सगळ्याच.”

मग सांगून टाकलं. बत्तीस वर्षांचं सगळं. लेकीने उठून माझ्या पाठीवर हात ठेवला.

३० मार्च
ती रंग सांगतच नव्हती. नुसता माझा हात धरत होती — आणि मी एकेक वाटी पुढे करत राहिलो.