भाकरीतला वाशीम

सर, तुमची वाशीमची उपशाखा झाली. मागच्या महिन्यात मंजुरी आली आणि अध्यक्ष तो झाला, माझ्याच वर्गातला. मी सचिव. म्हणजे सतरंज्या मी अंथरायच्या आणि हार त्याने घालून घ्यायचा. तुम्हाला हसू येईल हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते, मला अजिबात आलेलं नाही.

तुमच्या स्वयंपाकघरातला तो दिवस मी कितीदा काढून पाहिला असेल. आम्ही दोघं तुमचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. आमची गावालगत भाजीची बाग, मी पिशवीभर मेथी घेऊन आले होते. तो मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. काकू भाकरी थापतायत, आम्ही तिघं पाटावर बसलोय, आणि मी तुम्हाला विचारते की अभियंत्यांच्या या जगभर पसरलेल्या संघटनेत आपलं वाशीम नेमकं कुठं बसतं. तुम्ही टोपल्यातली भाकर उचलता. "हे सारं जग," म्हणता आणि ती मोडता. "हा आपला विभाग. आशिया अन् तिकडचा प्रशांत महासागर, इतके सारे देश याच्यातच." मग त्यातून एक तुकडा, ती आपली शाखा, जिचा कारभार दूरच्या शहरातून चालतो. मग त्यातूनही एक घासभर तुकडा. "आन् हा वाशीम. इथं पुरेसे सभासद झाले की आपल्याले सोताची उपशाखा मागता येते. ते आपल्याले कराचं हाये." असं म्हणून तो घास तुम्ही त्याच्या ताटात ठेवलात. माझ्या नाही. प्रश्न माझा होता, सर, आणि मेथीही माझीच होती.

मी विचारलंच तुम्हाला, वाशीम त्यालेच काहून? तुम्ही वर न बघता म्हणालात, "पोरी, दुसऱ्याच्या ताटात पाहू नाही." काकू हसल्या. तोही हसला, तोंडात घास असताना. त्या दिवसापासून मी दुसरं काही पाहिलंच नाही.

तो बंगळूरला गेला, मोठा झाला. मी इथंच राहिले, तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच खोलीत शिकवते. तुम्ही हे जग सोडून गेल्यावर कॉलेजातली विद्यार्थी शाखा मी चालवली. पोरांना सभासद करायचं, आसेगावहून नि किन्हीराजाहून येणाऱ्यांच्या शेवटच्या एसटीचं बघून व्याख्यानं ठेवायची, चहा सांगायचा. आणि ही पोरं पास झाली की पुण्याला जायची आणि संघटनेकडचा पत्ता बदलायची. नियमच तसा आहे, ज्याचा पत्ता जिथला, तो सभासद तिथला. म्हणजे मी इथं घडवायचे आणि पुण्याच्या शाखेने आयते मोजायचे. पुण्याचाही मला फार राग येतो, पण तो पुन्हा कधी.

शेवटी आम्ही उपशाखेसाठी अर्ज करायला बसलो तर एक सभासद कमी पडेल असं वाटत होतं. भरला. तो होता. बंगळूरला इतकी वर्षं काढूनही हा सभासद आमच्याच भागात मोजला जात होता. मला वाटलं काहीतरी चुकलंय, म्हणून फोन करून विचारलं की तुझा पत्ता अजून तांड्याचा कसा. तो म्हणाला, "आमी सहा महिने उसात राहो, तरी कोनं इचारलं त पत्ता तांड्याचाच सांगो. कामाच्या गावचा पत्ता कोनी देते काय?" जन्मभर वाशीम सांभाळलं मी आणि पुरं केलं त्याने, तेही बंगळूरात बसून. मग सगळे म्हणाले एवढा मोठा माणूस आपला आहे तर अध्यक्ष त्यालाच करू. मीही हात वर केला. सगळ्यांदेखत खाली कसा ठेवणार होते?

उद्घाटनाला तो आला आणि संध्याकाळी माझ्याकडे जेवायला थांबला. मी भाकरी टाकत होते. टोपल्याकडे बघत तो म्हणाला, "सरच्या घरी त्या दिशी लय भूक लागली होती मले. मायबाप उसात, मेस बंद. कोनाले खायाले मागाची लाज वाटे. सर काहीतरी समजावत होते अन् एकेक तुकडा मोडून माह्याच ताटात टाकत होते. काय समजावत होते वं ते?"

म्हणजे नुसतं वाशीम नाही. विभागही त्याच्याच ताटात गेला होता, शाखाही, आख्खं जग गेलं होतं. मी फक्त शेवटचा तुकडा पाहिला. इतकी वर्षं त्याच्या ताटाकडे डोळे लावून बसले आणि ते रिकामं होतं एवढं मला दिसलं नाही. आणि तुम्ही कुणाला कळू न देता वाढलेल्या त्या भाकरीला मी वारसा समजत होते.

त्याला मी म्हटलं, मले नाही आठवत बा. तुमचं ते समजावणं तेवढं तरी माझ्याकडे राहू दे.

हे पत्र टाकायचं कुठं, तुमचा पत्ता आता कोणत्या विभागात येतो कोण जाणे. ठेवून देते. फक्त एक सांगायचं राहिलं, सर. त्या दिवशी मी घरून पोटभर जेवून आले होते. तरी तो तुकडा मला हवा होता. अजूनही हवा आहे.