थंड पाण्याचा नेम

आई,

काल एकदम तीन पार्सलं आली. आतून घालायचे गरम कपडे, दोघांचे दोन-दोन जोड, अकराशे चाळीस. लोकरी मोजे सहा जोड, दोनशे नव्वद. कानटोप्या दोन, एकशे ऐंशी. ह्यांची माकडटोपी, माझी साधी. पाणी तापवायचा रॉड, सहाशे चाळीस. रजया तिकडेच घ्यायच्या, तिकडे स्वस्त मिळतात म्हणे. सगळं हिशेबाच्या वहीत उतरवलं आणि रॉडच्या पुढे एक प्रश्नचिन्ह करून ठेवलं. त्यापायीच आज तुला लिहायला बसले आहे, त्याच वहीच्या मागच्या पानांवर.

आम्ही सिल्वासा सोडतो आहोत. ह्यांच्या कंपनीने इथलं काम कमी केलं आणि निम्मी मशिनं हिमाचलात नेली, सोलनच्याही वर. मशिनांबरोबर माणसंही चालली. ह्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत, आता नाही म्हणून कुठे जाणार? कोजागिरी झाली की निघायचं. म्हणजे कार्तिक तिकडेच लागणार. तिकडे कार्तिकात पहाटे नळाचं पाणी हातावर घेववत नाही असं ह्यांचे सोबती सांगतात. आणि माझा नेम तुला माहीत आहे. की माहीत नाही? बघ, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. तू होतीस तोवर मी गरम पाण्यानेच आंघोळ करत होते. माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच पौषात छाती भरून तू गेलीस आणि तेरावा झाल्यावर मी इथे परत येऊन थंड पाणी घ्यायला लागले. मला कोणी सांगितलं नव्हतं. तू घ्यायचीस, मग तुझ्यामागे घरातल्या कोणीतरी घ्यावं, एवढंच वाटलं.

इथे ते जडही गेलं नाही. वर्षातले दहा महिने घामाचे. गच्चीवरची टाकी अशी तापते की उन्हाळ्यात सकाळीसुद्धा नळाला कोमटच पाणी येतं. मग मी रात्रीच बादली भरून मोरीत ठेवते, सकाळपर्यंत ती निवते. हे हसतात. लोक पाणी तापवतात, आमच्याकडे निववतात, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी माझी छाती तपासली तेव्हा हे हसले नाहीत. माझी छाती तुझ्यावर गेली आहे, थंडी पडली की शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, डोंगरात जाताय तर थंड पाणी बंद, नाहीतर इस्पितळाच्या फेऱ्या होतील. ह्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच मोबाईल काढून रॉड मागवला. मला विचारलं नाही.

मला आपली मागची मोरी दिसते. दगडाच्या दोन फरश्या, पलीकडे चूल, चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या तडतडत आहेत. आम्ही चौघं भावंडं ओळीने, ज्याची शाळा लवकर तो पुढे. मी सगळ्यात धाकटी, म्हणून पातेल्याच्या तळाशी राहिलेलं, धुराचा वास लागलेलं पाणी माझं. आमचं उरकलं की तू विहिरीची कळशी घेतेस आणि एका दमात डोक्यावरून ओततेस. तोंडाने देवाचं नाव, ओठ निळे. एकदा मी माझ्या वाटणीतला एक तांब्या तुझ्या कळशीत ओतला होता. मला वाटलं, तू खूश होशील. तू कळशी तिथेच पालथी केलीस, माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि पुन्हा विहिरीवर गेलीस. परत आलीस तेव्हा मी मुसमुसत विचारलं होतं, आई, तुला थंडी नाही वाजत? तू पदराने माझे केस पुसत म्हणालीस,

"देवाला असंच आवडतं."

मी ते धरून ठेवलं. एवढी वर्षं देवघरापुढे बसताना मला वाटायचं, आपलं बाकी काही नसेल, आपल्याला मंत्र येत नाहीत, पोथी अडखळत वाचतो, पण देवाला आवडतं ते एक तरी आपण करतो.

खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनचा भाऊ तिकडेच नोकरीला होता. तिला मी हे सगळं सांगितलं तर ती पोटभर हसली. म्हणाली, "अरे बेन, तिथे तर लोक ठाकोरजीला पण स्वेटर घालतात, आणि कोमट पाण्याने नवडावतात. तू ठाकोरजीपेक्षा मोटी?" तिचा ठाकोरजी म्हणजे आपला कृष्णच. संध्याकाळी दिवा लावताना तू लग्नात दिलेल्या बाळकृष्णाकडे बघत बसले. ह्याला काय आवडतं हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं, तुझ्यावरच विसंबले होते.

मग मावशीला फोन केला. तुझ्या माहेरचं आता तीच एक उरली आहे. जातो म्हणून कळवायला केला होता, बोलता बोलता आंघोळीचं निघालं. मी म्हटलं, आईचा थंड पाण्याचा नेम मी अजून पाळते, तिकडे कसा पाळायचा? तर ती म्हणाली,

"कसाना नेम वं माय. सरपनच पुरे नही तिले."

पुढे ती बरंच बोलली. म्हणाली, तुम्हा पोरांचं पाणी तापलं की तुझी आई चुलीतल्या पऱ्हाट्या बाहेर ओढून विझवायची, संध्याकाळच्या भाकरीला ठेवायची. माहेरी यायची तेव्हा मस्त बादलीभर कढत पाणी घेऊन बसायची, बाहेर या म्हणून हाका माराव्या लागायच्या. मावशी हे हसत हसत सांगत होती. मी फोन ठेवला आणि भाजी करपली तरी मला कळलं नाही.

आई, आता मी काय धरू? देवाचा नेम असेल तर छातीसाठी तो मोडणारी मी कोण? आणि सरपणाची गोष्ट असेल तर एवढी वर्षं मी पाळलं काय? बाजारात बसून हळद विकतानासुद्धा देवाची शपथ न घेणारी तू, माझ्याशी देवाचं नाव घेऊन खोटं बोललीस, हेही मला पटत नाही. का आधी सरपणापायी सुरू झालं आणि मग होता होता देवाचं झालं? असं होतं का? आणि तुझी ती पौषातली छाती. आम्हा चौघांचं पाणी तापायचं म्हणूनच ना? याच्या पुढे मला विचार करवत नाही, मी उठून काहीतरी आवरायला घेते.

आवरायला घेतलं की समोर बंब येतो. तू लग्नात दिलेला तांब्याचा बंब. तू तो कशातून घेतलास ते तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायला तू राहिली नाहीस. इथे पहिल्यापासून पाणी गॅसवर तापायचं, त्यात एकदाही निखारा पडलेला नाही. दर दसऱ्याला माळ्यावरून काढते, चिंचेने घासते, झेंडू वाहते, परत ठेवते. यंदा तो परत वर गेला नाही, हॉलमध्येच उभा आहे. हे रोज विचारतात, बंबाचं काय ठरलं, ट्रकमध्ये जागा धरायची की भंगारवाल्याला बोलवायचं? काल मी त्याला हात लावून उभी होते आणि मनात आलं, देवाला थंड पाणी आवडतं असं जिला खरंच वाटत होतं, ती लेकीला बंब कशाला देईल? लगेच वाटलं, चारचौघांत बरं दिसावं म्हणूनही दिला असशील. दोन्ही खरं वाटतं. हे म्हणतात, एवढा काय विचार करतेस, आई सांगणार आहे का येऊन?

आज ह्यांची पहिली पाळी होती. हे गेल्यावर रॉड बादलीत लावला. परत करायची मुदत आहे, चालतो की नाही ते तरी बघावं म्हणून. चालतो. मग तापलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून तेच घेतलं. पहिला तांब्या पाठीवर पडला आणि धुराचा वास आला, खरं तर रॉडला कुठला धूर. सगळी बादली संपवली. तशीच पूजेला बसले, दिवा रोजच्यासारखा लागला. देवाला काही सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

पाकीट आणलेलं नाही, आणून टाकणार कुठे? पण ट्रक रविवारी येतो, आणि तिकडचा पत्ता मला अजून पाठ नाही. तेव्हा सिल्वासाच्याच पत्त्यावर, उलट टपाली, एवढंच कळव: बंब नेऊ ना?