पिवळी रिंग आणि रेवाचे वाळे

त्सुकुबा, रविवार, १७ ऑगस्ट १९९७

आज किनाऱ्यावर खेळताना रेवाची फेकून उडवायची पिवळी रिंग वाऱ्याने उचलली आणि लाटांपलीकडे नेली. ती रडायला लागली. सुधीर म्हणाला, "जाऊ दे गं, जोडीतली दुसरी आहे ना!" मीही मान डोलावली.

पण परतताना मत्स्यालयात गेलो. तिथल्या एका सीलच्या मानेभोवती गोल वण होता, दोरी काचल्यासारखा. तिथल्या बाई म्हणाल्या, पिल्लू असताना हिने खेळता खेळता अशाच एका रिंगमध्ये डोकं घातलं. मान वाढत गेली. रिंग थोडीच वाढणार?

घरी रेवाला आंघोळ घालताना तिच्या पायातले चांदीचे वाळे रुतलेले दिसले. टोकं धरून जरा फाकवले. सोनार वाळ्यांना फट ठेवतो ती यासाठीच, मूल वाढणार हे त्याला ठाऊक असतं. रिंग करणाऱ्याला हे सुचू नये? आणि मी तरी? आई ना मी? मान काय डोलावली!

दुसरी रिंग घेतली आणि कात्रीने चार बोटं तुकडा काढून टाकला. "आई, कोवाशिता!" रेवा ओरडली. मोडलीस म्हणे, जपानीत. सुधीर म्हणाला, "अगं, आता उडणार कशी ती?" न उडो.

रेवाने ती गळ्यात घातली, फटीतून सहज काढली आणि खुदकन हसली. पुन्हा घातली, पुन्हा काढली.

ती पहिली पिवळी मात्र अजून तिकडेच तरंगत असेल. अख्खी.