डबीतलं शिसं

दादा,

तुला जाऊन दोन महिने झाले, त्यामुळे हे पत्र टपालात पडणार नाही. एरवीही तू माझी पत्रं अर्धीच वाचायचास.

रंगांत शिसं किती हे तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. आणि तू पोट धरून कळवळत होतास तेव्हा मी म्हणाले, "नाटकं पुरे! अफू मिळाली नाही की बरोबर पोट दुखतं तुझं." हिरड्यांवरची निळी रेघ, म्हणजे शिसं अंगात भिनल्याची खूण, दाखवलीस, तर म्हणाले, "दात घास." एवढी मी तज्ज्ञ!

तुझ्या कपाटातली अफूची डबी काल प्रयोगशाळेत तपासली. वजन वाढवायला विकणाऱ्याने तिच्यात शिसं मिसळलं होतं. अफूच्या आधी शिशानेच तुझा जीव घेतला.

नमुना कोणाचा ते लिहिल्याशिवाय आमच्याकडे अहवाल निघत नाही, आणि अहवालाशिवाय आरोग्य खातं ढिम्म हलत नाही. आईने तर सगळ्यांना 'आतड्याचा आजार' सांगितलाय. म्हणून आधी तिला विचारलं.

"गेलेल्याची अब्रू तरी राहू दे गं," ती म्हणाली. उठून तिने तुझं कपाट बंद केलं. मग म्हणाली, "त्या मेल्या अफूवाल्याकडून आणखी किती जण घेतात?"

"ठाऊक नाही. पण त्यांचीही पोटं दुखत असणार."

"मग लिही. माझ्यासमोर लिही, पूर्ण नाव."

लिहिलं. आईने चष्मा लावून तुझं नाव दोनदा वाचलं आणि कागद स्वतःच्या हाताने माझ्या पिशवीत ठेवला.

तुझी,
अतिशहाणी