हँडल मीच ओढलं होतं, मामा

प्रिय मामा,

आज कारखान्यात सगळ्यांदेखत खरं सांगून टाकलं. तुम्हाला कळवल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो.

त्या दिवशी तुम्ही माझ्या यंत्रमागात हात घालून दुरुस्ती करत होतात. मी जेवणाच्या सुट्टीत भिंतीआड गांजा ओढून आलेलो. तुमचा हात आत आहे हे दिसत होतं हो, पण डोक्यात शिरलंच नाही. हँडल ओढलं. तुमची दोन बोटं गेली!

आणि तुम्ही शेठला काय सांगितलंत? "माझ्याच हातून चालू झाला." का हो मामा? माझं काम वाचलं, गांजाही मी त्याच दिवशी सोडला. तोंड मात्र उघडलं नाही. तुम्ही हसून म्हणायचात, "बरं झालं, नखं कमी कापावी लागतात!" तेव्हा मला तुमच्याकडे बघवायचं नाही. तापीवर तुम्हाला शेवटचा निरोप दिला, तेव्हाही गप्पच होतो.

आता तुमच्या जागी मी जॉबर आहे, मागांची दुरुस्ती-देखरेख माझ्याकडे. आज माग चालवणारा कैलास लाल डोळ्यांनी आला, अंगाला तोच वास. मी त्याचा माग बंद केला, तर उखडला. "तू कौन होता है रे? तू भी तो पीता था!"

खोटं थोडंच बोलत होता? मी सगळेच माग बंद करायला लावले, त्या खडखडाटात ऐकू काय येणार! मग सांगितलं, मामांची बोटं माझ्या नशेनं गेली. कैलासनं चपला घातल्या. "कल आता हूँ, होश में," म्हणाला आणि घरी गेला.

मी तडक मामीकडे. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. सगळं ऐकलं आणि म्हणते कशी, "मले माहीत होतं रे येड्या. त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, गजू आपणहून बोलेल तेव्हा त्याले पोटभर जेवू घाल."

मामा! एवढी वर्षं! रडत रडत तीन भाकरी खाल्ल्या. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! पण एक बोलतोच, रागावू नका. तुम्ही मला झाकलंत आणि बाकीचे भिंतीआड ओढतच राहिले. ते चुकलंच तुमचं.

आता माझा शब्द घ्या. मेन स्विच पाडल्याशिवाय कोणाचा हात मागात जाणार नाही. आणि नशेत आलेला माणूस दारातूनच परत जाईल, मग तो माझा सख्खा भाचा का असेना.

तुमचाच भाचा,
गजू