वाळूला वाट

बाई, वाळू परत आली. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं. परवा कोकणातून वाकडला घरी पोचले आणि पायाची वाळू झाडता झाडता तुमचीच आठवण आली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वर्गातल्या मुलींची मुलं आता कॉलेजात आहेत. मी पिंपळे गुरवच्या शाळेतली, लातूरकडून आलेल्या कामगाराची मुलगी. आज मी समुद्रकिनाऱ्यांचं काम करते. किनारा का खचतो, कुठे भरतो, काय केलं तर टिकेल, हे शोधून काढायचं. समुद्र घाटाच्या पार तिकडे खाली आणि माझं ऑफिस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं, याचं तुम्हाला हसू आलं असतं.

तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी उभी राहून घडाघडा म्हणते आहे, "सागरी लाटांच्या खनन, वहन आणि संचयन कार्यामुळे किनाऱ्याचं स्वरूप बदलतं." तुम्ही खडू खाली ठेवता. "खनन म्हणजे काय गं?" मी तेच वाक्य पुन्हा सुरू करते. "आणि वहन?" मी पुन्हा तेच वाक्य. "मग मघापासून बोलत कोण होतं? गाईड बोललं, तू बोललीच नाहीस. बस खाली." पण मधल्या सुट्टीत तुम्हीच मला हाताला धरून शाळेच्या स्वयंपाकघरात नेलंत, खिचडीवाल्या मावशींकडून मोठी परात मागितलीत आणि शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू आणवलीत. "माझ्या परातीत रेती घालताय व्हय, बाई?" मावशी ओरडल्या. "घासून देते मी," तुम्ही म्हणालात, आणि नंतर पदर खोचून खरंच घासलीत. परातीच्या एका कडेला वाळूचा उतार, बाकी सगळं पाणी. तुम्ही लाकडी फळी पाण्यात तिरकी धरून हलवायला लागलात. तिरक्या लाटा काठावर फुटत होत्या. प्रत्येक लाटेबरोबर वाळू जरा वर चढे, जरा खाली घसरे, आणि दर खेपेला थोडी बाजूला सरके. "बघ, लाट वाळू उकरते. ती तिरकी आली की काठाकाठानं प्रवाह सुरू होतो, तो वाळू वाहून नेतो. पाणी संथ झालं की टाकून देतो. आणि लाटेचा हात कुठवर पोचणार ते भरती-ओहोटी ठरवते." मग तुम्ही काठावर एक वीट आडवी ठेवलीत. थोड्या वेळानं विटेच्या एका अंगाला वाळू साठली आणि दुसऱ्या अंगाचा काठ खाल्ला गेला. घंटा झालेली मला ऐकूच आली नाही.

बारावीनंतर वडिलांनी मला कंपनीत चिकटवायचं ठरवलं होतं, तेव्हा तुम्ही घरी आला होतात. आई गॅसवर चहा ठेवते आहे, वडील फर्स्ट शिफ्ट करून आलेले, गणवेशातच बसलेले. तुम्ही इंजिनिअरिंगचं, समुद्राच्या अभ्यासाचं सांगितलंत. वडील सगळं ऐकून म्हणाले, "बाई, आमच्या गावाला प्यायचं पाणी टँकरनं यायलंय, अन् तुमी हिला समुद्राचं शिकवा म्हणायलात?" तुम्ही शांतपणे विचारलंत, "सुट्टीत गावी गेलात आणि टँकर आला, की कळशी घेऊन सगळ्यात पुढं कोण पळतं?" वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मग पळू द्या की तिला पाण्याच्या मागं. आणखी थोडी लांब जाईल, एवढंच." वडील हसले. ते हसले की निम्मं काम झालेलं असायचं. जाताना तुम्ही पर्समधून एक भिंग काढून माझ्या हातावर ठेवलंत. म्हणालात, "नदीची वाळू बघ, समुद्राची बघ. कण बघितल्याशिवाय किनाऱ्यावर बोलायचं नाही." मी अजून तसंच करते.

आता वाळू परत आली त्या गावाचं सांगते. कोकणातलं कोळ्यांचं छोटं गाव. गावाच्या दक्षिणेला समुद्रात भरीव दगडी जेट्टी बांधली, आणि त्यानंतर गावासमोरची वाळू जायला लागली. पावसाळ्यातल्या लाटा तिथं नैर्ऋत्येकडून येतात, वाळू उत्तरेकडे सरकवत नेतात. जेट्टीनं तिला अडवलं. पलीकडे ढीग, अलीकडे गाव उघडं. तुमची वीटच ती, बाई. होड्या ओढायला जागा उरली नाही, मासळी वाळवायला जागा उरली नाही, माड आडवे झाले, आणि उधाणाच्या भरतीला पाणी पहिल्या रांगेतल्या घरांच्या पायरीला लागायला लागलं. गावाला संरक्षक भिंत हवी होती, आणि बंदर खात्याचे साहेबही तीच द्यायला तयार होते. सल्ल्यासाठी बोलावलेली मी म्हणत होते, भिंत नको. भिंतीवर आपटून लाट माघारी फिरते आणि पायथ्याची उरलीसुरली वाळूही ओढून नेते. त्यापेक्षा जेट्टीचा भरीव भाग तोडून ती खांबांवर उभी करा, म्हणजे वाळू खालून जाईल, आणि तोवर पलीकडचा ढीग अलीकडे आणून टाका. मी गावात जाऊन लॅपटॉपवर लाटांचे आणि वाळूचे रंगीत नकाशे दाखवले. गावातल्या एका आजीचं घर अगदी पहिल्या रांगेत होतं. त्या उठून उभ्या राहिल्या. "पडद्यावर रंग दावतेस गो बाय. तो दर्या हाय, टीव्ही न्हाय. तुजा हिशेब चुकला तर मी खंय जाऊ?" मी लॅपटॉप मिटला. त्यांचं बरोबर होतं. चुकले असते तर त्यांचं घर गेलं असतं, माझं नाही.

म्हणून मी चाकणला गेले. तिथं एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये लांबरुंद लोखंडी हौद बांधून घ्यायचा, त्यात ते गाव लहान करून बसवायचं आणि लाटा सोडायच्या. तो माणूस मूळचा तिथलाच शेतकरी. माझं ड्रॉइंग उलटसुलट करून बघत म्हणाला, "ताई, आमी जन्मभर गाड्यांचं सांगाडं केलं. समुद्र पयल्यांदाच करतोय. गळला तर हसू नका." हौद गळला नाही. पण पहिल्या चाचणीत वाळू नुसती आतबाहेर करत राहिली, बाजूला हलेचना. मी घाबरले. मग बघितलं तर लाटा उठवणारा पत्रा किनाऱ्याला अगदी समांतर बसला होता. तो तिरका करून घेतला, आणि वाळू चालायला लागली. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून वडापाव खाल्ले.

गावकरी गाडी करून चाकणला आले, साहेबही आले. आधी मी आहे तशी जेट्टी ठेवली. एका बाजूला वाळूचा ढीग, दुसऱ्या बाजूला गाव खचायला लागलं. मग भिंत लावली. भरतीसाठी पाणी चढवलं. लाटा भिंतीवर आपटून मागे फिरल्या आणि बघता बघता पायथा उघडा पडला. आजी हौदाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. "भिंत ऱ्हायली, पन वाळू खंय?" त्यांनी स्वतःशीच विचारलं. शेवटी भिंत काढली, जेट्टी खांबांवर उभी केली. वाळू खांबांमधून सरकत आली, गावासमोर पसरली. साहेब वाकून बघत होते. "भिंतीचं टेंडर तयार आहे, मॅडम. आता वर काय सांगू?" मी म्हटलं, "वाळूला वाट द्या, इतकंच सांगा." आणि त्यांनी टेंडर थांबवलं, वर जाऊन भांडले आणि जेट्टी फोडायची मंजुरी आणली. एवढं श्रेय त्यांचं.

काम झालं आणि पहिल्याच पावसाळ्यात टाकलेली वाळू गायब. गावातून फोन येत होते, शिव्याही येत होत्या. मला माहीत होतं की पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा वाळू समुद्रात आत ओढतात आणि तिथं पाण्याखाली तिचा दांडा, म्हणजे लांबट ढीग, करून ठेवतात, हिवाळ्यातल्या मंद लाटा ती हळूहळू परत आणतात. माहीत होतं, तरी रोज सकाळी किनाऱ्याचे फोटो मागवत होते. दिवाळीनंतर थोडी आली. पुढच्या वर्षी जास्त. आणि यंदा, बाई, यंदा गावासमोर होड्या ओळीनं वाळूवर चढवल्या आहेत, बायकांनी मासळी वाळवायच्या काठ्या पुन्हा रोवल्या आहेत, आणि उधाणाचं पाणी आजींच्या पायरीपासून लांब, खाली फुटतं आहे. मी भिंग लावून बघितलं. शिंपल्यांचा चुरा, गुळगुळीत कण. या वेळी आम्ही नव्हे, समुद्रानं स्वतः आणून टाकलेली वाळू.

हे पत्र कुणाकडे देणार? सांगवीत तुमची भाची राहते, मला घर माहीत आहे. पण नाही देणार. यात मी फार फुशारकी मारली आहे, ती तुमच्यापुढेच शोभते. आणि एक गोष्ट तर साहेबांनाही सांगितलेली नाही, अहवालातही नाही. या खेपेला किनाऱ्यावरून सगळे जेवायला गेले तेव्हा आजी माझे हात धरून म्हणाल्या, "चल गो, फुगडी घालू." त्यांचं वय बघता मी नको म्हणायला हवं होतं. मी चपला भिरकावल्या. आम्ही गरगर फिरलो, दोघीही पडलो, आणि त्या ओल्या वाळूत उताणी पडून मी इतक्या मोठ्यानं ओरडले की होड्यांवरचे कावळे उडाले.