पेटीतला कापूस

मॅडम, पेटीतला कापूस मी ओढून परत नेला, त्याबद्दल हे लिहितोय. तुम्ही असता तर लिहिलं नसतं. त्यानंतर एकदा बाभुळगावच्या बसमध्ये तुम्ही चढलात तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, तसाच बसलो असतो.

त्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं. आमच्या घरात आढ्यापर्यंत कापूस, आम्ही सगळे ओसरीवर निजायचो, अंगभर खाज. यवतमाळला, कॉलेजात, तुमच्या प्रयोगशाळेत वेगळाच घोर होता. लाकडी पेटीत बल्ब लावून तुम्ही कोंबडीची अंडी उबवायला ठेवली होती आणि लोडशेडिंग काही तुम्हाला विचारून होत नव्हतं. तुम्ही वर्गात म्हणालात, "अरे, तुमच्या घरोघरी कापूस पडून आहे ना? आणा थोडा, ऊब तरी धरेल." मी भलंमोठं गाठोडं आणलं. विज्ञानाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मला आवडायची ती मुलगी पहिल्या बाकावर बसायची, एवढंच. वीज गेली की तुम्ही गरम पाण्याच्या बाटल्या त्या कापसात खोचता, पेटीवर हात ठेवून बसता, डबासुद्धा तिथंच खाता, हे मला आजही दिसतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही एक अंडं ताटलीत उघडलंत आणि एकेकाला जवळ बोलावलंत. "तो लाल ठिपका धडधडून राह्यला, पाहा. पिल्लाचा अजून पत्ता नाही, पण हृदय कामाला लागलं." मग फळ्याकडे वळलात. आधी या पेशी काहीही होऊ शकतात, म्हणालात. शेजारच्या पेशी वाढघटक सोडतात, त्या हाकेनं ही हृदयाच्या स्नायूच्या वाटेला लागते. परदेशात मूळपेशींना ताटलीत हेच घटक देतात आणि ताटलीतच स्नायू धडधडतो. "पण गंमत ऐका. एक घटक सुरुवातीला लागतोच. तोच पुढे चालू ठेवला तर हृदय होत नाही. तेव्हा त्याला अडवावं लागते." मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे जावयासारखं, मॅडम! आला तर आनंद, राह्यला तर पंचाईत." तुम्ही इतक्या हसलात की हातातला खडू पडला.

ती हाक मी तेव्हा रोज देत होतो. बसस्टँडवर, वाचनालयाच्या पायरीवर, तिच्या मैत्रिणींसमोर. तिनं एकदा स्पष्ट नाही म्हटलं होतं; मला ते लाजणं वाटलं. शेवटी तिनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही मला प्रयोगशाळेत बोलावलंत, शिपायाला बाहेर पाठवलंत आणि आवाजसुद्धा चढवला नाही. "एकदा विचारलं, ठीक. ती नाही म्हणाली. आता काहून तिच्या मागं लागला? फळ्यावर काय शिकवलं मी?" तुम्ही थोबाडीत मारली असती तर सोसली असती. पण माझं प्रेम तुम्ही त्या ताटलीत नेऊन ठेवलंत! "मी काय तुमची पेशी हाये?" मी ओरडलो. तुम्ही म्हणालात, "बस. पाणी पी." मी पेटीचं झाकण उघडलं. "माझा कापूस मले वापस द्या!" आणि तुमच्या देण्याची वाट न बघता दोन्ही हातांनी उपसला. बाटल्या फरशीवर गडगडल्या. वीज गेलेली होती. आत उरलेली अंडी होती ती बाहेरगावच्या मुलींसाठी, ज्यांची एसटी तुम्ही अंडं उघडलं त्या दिवशी आली नव्हती. "अरे, थंड होतील ती," एवढंच तुम्ही म्हणालात. हात धरला नाहीत.

घरी आई म्हणाली, "इथं पाय ठेवाले जागा नाही, अन् हे बेनं यवतमाळहून कापूस घेऊन आलं!" सगळे हसले. मीही हसलो. मग कॉलेजात गेलोच नाही. तुम्ही एका मित्राकडून निरोप धाडलात, "अंडी पुन्हा ठेवली, ये म्हणावं." मी त्याला सांगितलं, "मॅडमले सांग, कापूस संपला." माझ्या पाठीमागे घर कापसानं भरलेलं होतं आणि तो मित्र ते बघत उभा होता. तुम्ही गेल्याचं पुढे चहाच्या टपरीवर कळलं. मी चहा संपवला, मगच उठलो. याची लाज मला त्या कापसाहून जास्त वाटते.

परवा भाचीनं मोबाइलवर दाखवलं: ताटलीत मूळपेशींपासून केलेला हृदयाचा स्नायू, आपला आपला उडतोय. कोणता घटक आधी द्यायचा, कधी अडवायचा, यात ती गोंधळली होती. मी सांगितलं. ती बघतच राहिली. "मामा, तुमाले कसं माहीत?" आमच्या मॅडमनी शिकवलं, म्हटलं. "मंग तुम्ही खरंखुरं धडधडताना पाह्यलं असंन?" मी हो म्हणालो.

तुम्हालाही मी हेच सांगितलं होतं. माझी पाळी आली तेव्हा तुम्ही ताटली उजेडाकडे कलती करून विचारलंत, "दिसलं?" मी म्हणालो, "हो मॅडम." ती टेबलाच्या पलीकडे वाकून उभी होती, मी तिच्याकडे बघत होतो. तुम्ही हात अवघडेपर्यंत ताटली माझ्यासाठी धरून होतात, आणि मी तो ठिपका पाहिलाच नाही.